कुरुडघाटची आगबोट

आमच्या कुरुडघाटच्या डोहात एक आगबोट बुडालेली आहे, ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की ती खरी असेल असं मला कधी वाटलंच नाही. वर्धा आणि वैनगंगा जिथे मिळतात, तिथे ती तळाशी बसली आहे आणि अमावास्येला तिची शिट्टी वाजते, असं बाबा छातीठोकपणे सांगायचे. मी शाळेत असताना दोन-तीन अमावास्या कान टवकारून बसले. शिट्टी काही वाजली नाही. तेव्हापासून बाबांची कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय मानायची नाही असं मी ठरवून टाकलं, आणि पुढे धातुशास्त्राच्या वाटेने गेले तेही बहुधा याच खुमखुमीपायी.

मग लागोपाठ तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला. वरच्या धरणांचा तळ दिसू लागला, नदीची एक बारीक धार उरली आणि उन्हाळा लागता लागता डोहसुद्धा आटला. वाळूतून आधी गंजलेलं धुराडं डोकावलं, मग एका अवाढव्य चाकाचा आस. बाबांचा फोन आला तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हतं.

"पुनी, निघाली ना व! सांगत नव्हतो मी? निघाली आगबोट!"

"शिट्टी मिळाली का?" मी विचारलं.

"मिळन, ते बी मिळन. तू ये तर खरी, तुहं ते यंत्र घेऊन."

यंत्र घेऊन मला जावंच लागणार होतं, कारण उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ फिरोझ काझी यांनी आमच्या संस्थेकडे तशी मागणीच केली होती. इंग्रजी अमलात इथला कापूस नदीवाटे समुद्राकडे न्यायचा खटाटोप झाला होता, त्यातली ही बोट. ती का बुडाली, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बॉयलर फुटला होता एवढं मात्र पहिल्याच दिवशी दिसलं; त्याच्या पत्र्याला पडलेल्या भगदाडातून माणूस वाकून आत जाऊ शकत होता.

गावाला मात्र ती का बुडाली याची पक्की माहिती होती. अडचण एवढीच, की ती दोन प्रकारची होती.

आमच्याकडे, म्हणजे मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या गावांत, हंगामाची पहिली होडी, म्हणजे डोंगा, संगमावर आली की थांबवायची रीत आहे. नावाडी होडीतून उतरतो, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि नदीला हळदीच्या अक्षता वाहतो. होडीत बसून वाहिलेल्या चालत नाहीत. माय उभी असताना लेकराने बसून बोलू नये म्हणतात. या अक्षतांचा पहिला मान आमच्या पचारे घराण्याचा. कारण असं, की त्या आगबोटीवर वाट दाखवायला आमचा पूर्वज सोमा होता. त्याने बोटीवरच्या गोऱ्या साहेबाला संगमावर बोट थांबवायला सांगितलं, साहेबाने ऐकलं नाही, तेव्हा सोमाने बोटीवरून उडी टाकली. थोड्या वेळात बोट फुटली. एकटा सोमा वाचला आणि ओल्या अंगाने गावात येऊन त्याने हे सांगितलं. नदीचा मान राखणाऱ्याला गावाने मान दिला, तो पिढ्यान्पिढ्या चालत बाबांपर्यंत आला.

नान्हे घराण्याचं म्हणणं वेगळं. त्यांचा पत्रू त्याच बोटीवर भट्टीत लाकडं घालायचा आणि तो भट्टीपाशीच मेला. सोमा घाबरून पळाला, एवढीच त्यांची गोष्ट.

काझी सरांनी बिचाऱ्यांनी साध्या मनाने विचारलं की गावात छोटं संग्रहालय करू, तर फलकावर कोणती हकिकत लिहायची? झालं. ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर गाव गोळा झालं. नान्ह्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्या सगुणाआत्या पदर खोचून उभ्या राहिल्या आणि आमचे बाबा, म्हणजे मच्छीमार सोसायटीचे माजी अध्यक्ष झिबल पचारे, माईक नसतानाही माईकसमोर बोलावं तसे बोलू लागले.

"सायबानं बोट थांबवली नाई, म्हणून बुडाली. तसंच लिव्हा."

"अन् तुहा सोमा भेला अन् पळला, ते कोण लिव्हन गा?" सगुणाआत्या म्हणाल्या. "आमचा पत्रू नाई पळला."

"आपण लोखंडाले इचारू! माही पोरगी लोखंडाले बोलतं करते. माही गोष्ट खोटी निघाली तर पह्यल्या अक्षदांचा मान तुह्या घरी. साऱ्या गावासमोर सांगतो."

मला न विचारता बाबांनी मला पणाला लावलं होतं. मी काझी सरांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "इतक्या गंजलेल्या पत्र्यावर चालेल ना तुमचं यंत्र?" आणि मीही आमच्या बाबांचीच मुलगी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "गंजाने काही फरक पडत नाही सर."

*

माझ्या यंत्राला आम्ही तापवाचक म्हणतो. त्यामागचं तत्त्व लोहाराला पूर्वीपासून ठाऊक आहे: लोखंड तापलं की त्याच्या आतली घडण बदलते आणि निवलं तरी ती होती तशी होत नाही. किती तापलं, किती वेळ तापलं, हळू निवलं की पाण्यात बुचकळलं, या प्रत्येकाची खूण आतल्या स्फटिकांत वेगळी उमटते. आधी ती वाचायला तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागे, आणि कळायचं ते त्या तुकड्यापुरतंच. तापवाचक न्यूट्रॉनांचा झोत सोडतो. न्यूट्रॉनांना विद्युतभार नसतो, त्यामुळे ते गंज, गाळ ओलांडून पत्र्यात खोल शिरतात आणि स्फटिकांवर आपटून विखुरतात. त्या विखुरण्यावरून संगणक उलट्या दिशेने जातो आणि त्या पत्र्याचे शेवटचे काही तास पडद्यावर मांडतो, रंगांच्या पट्ट्यांत.

हे यंत्र हाताने उचलता येईल एवढं लहान झालं आणि जगात भलतीच उलथापालथ झाली. आगीच्या विम्याचे दावे कोर्टात टिकेनात, कारण कपाटाचे पत्रे, खुर्च्यांचे पाय साक्ष देऊ लागले. माझ्या एका सहकाऱ्याने हौसेने आपल्या जळालेल्या घरातल्या खिडकीचे गज वाचले. आग देवघरातल्या समईने लागली असं त्याचे वडील सांगत आले होते. गजांनी सांगितलं, ती वडिलांच्या पलंगापाशी लागली, म्हणजे विडीने. त्याची आई त्या आगीत गेली होती. बाप-लेक अजून एकमेकांशी बोलत नाहीत. हे सगळं ठाऊक असूनही मी बॉयलरच्या भगदाडातून आत शिरले तेव्हा माझ्या मनात फक्त उत्सुकता होती. भीती वाटायला हवी होती, पण नाही वाटली. आत काय लिहिलं आहे ते कधी एकदा दिसतं, असं झालं होतं.

बॉयलरच्या पोटात भट्टी असते आणि भट्टीच्या छतावर सतत पाणी असावं लागतं. पाणी आहे तोवर खाली कितीही जाळ असू दे, पत्रा बेताचाच तापतो. दूध आटेपर्यंत पातेलं करपत नाही, तसंच. पाणी उतरून छत उघडं पडलं की मात्र पत्रा लाल होतो, मऊ पडतो, आणि आतल्या वाफेला कोंडून धरणं त्याला जमत नाही.

कोवळ्या उन्हात काम सुरू केलं ते ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं. पडद्यावर छताचा पत्रा उमटत गेला. निळी पट्टी म्हणजे पाण्याखालचा भाग, पिवळी म्हणजे उघडा पडलेला. मला वाटलं होतं की एखादी चीर सापडेल, पाणी भसकन निघून गेलेलं दिसेल. तसं नव्हतं. पिवळा रंग वरून खाली पायरी-पायरीने सरकला होता. पाणी नुसतं आटत गेलं होतं, निदान अर्धा तास, आणि त्या सगळ्या वेळात भट्टी पेटलेली होती. मग अगदी शेवटी लालभडक पत्र्यावर गार पाणी पडल्याची खूण, आणि त्याच जागी फाट.

"अर्धा तास आत पाणीच घातलं नाही कोणी?" मी काझी सरांना म्हटलं. "असं कसं?"

 काझी सरांनी मला बॉयलरच्या मागे नेलं आणि वाळूतून नुकताच मोकळा केलेला एक पंप दाखवला. त्याचा दांडा थेट चाकाच्या आसाला जोडलेला होता.

"या बोटीत पाण्याचा पंप इंजिनावरच चालायचा," ते म्हणाले. "चाक फिरतंय तोवर पाणी आत जातंय. चाक थांबलं की पंपही थांबला. अशा वेळी इंजिनीअरने जाळ कमी करायचा असतो. इथे कोणी केला नाही. आणि पुन्हा चाक फिरवलं की पहिलं गार पाणी जाणार ते तापलेल्या पत्र्यावर."

मला पुढचं वाक्य बोलायचं नव्हतं, पण ते तोंडातून निघालंच. "म्हणजे बोट थांबली होती."

"नांगराची साखळी पाहा, अर्धी गुंडाळलेली आहे. थांबून पुन्हा निघत होती." ते वर न बघता म्हणाले. "अहवालात मला हेच लिहावं लागेल, पौर्णिमा. पण घरी आधी तुम्ही सांगा."

साहेबाने ऐकलं होतं. बोट संगमावरच थांबली होती, सोमा अक्षता वाहायला पाण्यात उतरला होता, आणि म्हणूनच तो वाचला. तो पळाला नव्हता. पण त्याने रागाने उडीही टाकली नव्हती. ज्या गोष्टीवर आमचा मान उभा होता ती खोटी होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, बोट बुडाली ती अक्षतांसाठी थांबल्यामुळे.

*

बाबा पडवीत जाळं विणत बसले होते. मी आत शिरायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय म्हणते लोखंड?"

सगळं नीट जुळवून आले होते मी. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा उत्साह बघितला आणि माझी जीभ वळेना. पचाऱ्यांचा मान गेला तर या माणसाकडे उरणार काय होतं? सोसायटीचं अध्यक्षपद गेलं होतं, आई गेली होती, मी शहरात.

"गंज फार आहे हो बाबा," मी म्हटलं. "यंत्राला नीट वाचता येत नाही."

बाबांचा हात थांबला. "परवा काझी सायबाले तूच सांगत व्हती ना, गंजानं काही फरक पडत नाई म्हणून?"

मी उंबऱ्यातच उभी होते.

"बस," ते म्हणाले. "अन् खरं सांग."

मी सांगितलं. पंप, पाणी, लाल पत्रा, नांगराची साखळी, सगळं. बाबांना मध्येमध्ये बोलायची भारी खोड, पण ते एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं आता उठून आत जातील आणि आमच्यातही त्या सहकाऱ्याच्या घरासारखं होईल. 

"किती येळ थांबली म्हणलं?"

"अर्धा तास तरी."

"अर्धा तास?" बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि त्या रागाच्या नव्हत्या. "अक्षदायले कायचा अर्धा तास? मी तर मूठभर टाकतो अन् वर येतो. पान खाऊन होत नाई तेवढ्यात."

"मग सोमा इतका वेळ काय करत होता?"

हा प्रश्न तोवर माझ्या डोक्यातच आला नव्हता. लोखंडाने वेळ सांगितली, मी ती लिहून घेतली. तो वेळ कशात गेला, हे लोखंडाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. 

"माहा आजा," बाबा एकदम म्हणाले, "मूठ नाई टाकत होता. तो चिमटी चिमटी टाके. डोंग्यात जेवढी माणसं, तेवढ्या चिमट्या. एकेकाचं नाव घेऊन. नाव घेतलं का तो माणूस डोंग्यातून 'हाये' म्हणे, मंग दुसरी चिमटी. माह्या बापानं ते सोडलं, येळ जाते म्हणून. आगबोटीवर माणसं किती असन?"

"सर म्हणतात, चाळीस-पन्नास सहज."

"झालं तर. साऱ्यांची नावं घेतली त्यानं. सायबाचं बी घेतलं असन. पत्रूचं बी." बाबांचा आवाज फाटला. "एकाले बी सोडलं नाई, म्हणून येळ लागला व."

मला बाबांकडे बघवेना. सगळ्यांची नावं घेत एक माणूस पाण्यात उभा आहे, आणि त्याच्यामागे बोटीवर, त्याच्या प्रत्येक नावाबरोबर, बॉयलरमधलं पाणी थोडं थोडं खाली जातंय. त्याने थोडी कमी काळजी केली असती तर ती माणसं जगली असती. हे मला फार अन्यायाचं वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"पण मग तो खोटं का बोलला?" मी विचारलं. "थांबलो होतो, अक्षता वाहिल्या, एवढं सांगायला काय हरकत होती? त्याचा काय दोष होता?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की इतकं शिकून हिला एवढंही कळू नये.

"अन् गावाले काय सांगन तो? का मी अक्षदा देल्या, नावं घेतली, अन् तरी मायनं साऱ्यायले खाल्लं? मंग कोण तिच्यात डोंगा घालन? कोण पोराले पाण्यात धाडन? सारं गाव नदीवर जगते. त्यानं म्हणलं, सायबानं मान देल्ला नाई. सायब तर मेलाच व्हता, त्याचं काय बिघडते? मायचं नाव राखलं त्यानं."

"नदीने काही केलंच नव्हतं बाबा. पंप थांबला होता."

"हाव," बाबा म्हणाले. "पण हे त्याले कोणी सांगतलं नाई ना."

आयुष्यभर मी बाबांच्या गोष्टींची टर उडवली. त्या दुपारी पहिल्यांदा मला वाटलं की पुरावा माझ्याकडे होता आणि तो वाचायला मात्र बाबा लागले. मी त्यांना तसं सांगितलं. ते लगेच फुशारले, "मंग! तुह्या यंत्राले बापाची अक्कल लागते," आणि डोळे पुसून जाळं बाजूला ठेवलं.

"काझी सरांना थोडं थांबायला सांगू का? पारावर लगेच कशाला?"

"काऊन? शब्द देल्ला तो काय यंत्रानं देल्ला का? मी देल्ला."

*

पारावर बाबांनी सगळं स्वतःच सांगितलं. मी यंत्राचा पडदा घेऊन शेजारी उभी होते, पण त्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पंपाचं त्यांनी असं काही वर्णन केलं की पंप त्यांनीच बसवला असावा. सोमाच्या खोटेपणाशी आल्यावर मात्र त्यांची वाक्यं छोटी झाली.

"सोमा खोटं बोलला. पळला नाई, पण खोटं बोलला. मान तुमचा, सगुणाबाई."

सगुणाआत्या नदीकडे तोंड करून बसून राहिल्या.

"त्यानं पत्रूचं नाव घेतलं असन?" त्यांनी विचारलं.

"पत्रू बोटीवर व्हता ना? मंग घेतलं."

"अन् पत्रू भट्टीपासून 'हाये' म्हणला असन."

"म्हणला असन."

मला वाटलं, आता त्या म्हणतील की राहू दे तुमचा मान तुमच्याकडे, झालं गेलं विसरू. तसं काही झालं नाही. सगुणाआत्या उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं. मान मी घेतो. यंदापासून." बाबांच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरलेलं मला स्पष्ट दिसलं. शब्द देणं सोपं असतं. तो दुसऱ्याने खरोखर घेतल्यावर कसं वाटतं, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

ज्येष्ठात डोंगे पाण्यात उतरवायचा दिवस आला. पाणी म्हणण्यासारखं पाणी नव्हतंच. आगबोटीच्या अलीकडे गुडघाभर डबकं उरलं होतं, त्यातच दोन-तीन डोंगे टेकवले. बाबा येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण ते धुतलेला सदरा घालून आले आणि काठावर, गर्दीत, कुठे उभं राहावं ते न कळल्यासारखे उभे राहिले.

सगुणाआत्या पाण्यात उतरल्या. मूठ भरली नाही. चिमटी घेतली.

"पत्रू नान्हे!"

काठावरून त्यांचा नातू म्हणाला, "हाये." मेलेल्यासाठी घरच्याने बोलायचं असतं, हे तिथल्या म्हाताऱ्यांना आठवत होतं.

"सोमा पचारे!"

कुजबुज झाली. सगळ्यांची तोंडं बाबांकडे वळली. बाबांनी घसा साफ केला आणि पार पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हाये!"

मग आगबोटीवरच्या, नावं ठाऊक नसलेल्यांसाठी सगुणाआत्यांनी चिमटीमागून चिमटी टाकली, आणि त्यांच्यासाठी काझी सर दरवेळी अडखळत "हाये" म्हणत राहिले. मग जिवंत माणसांची पाळी आली. ज्यांची जाळी या पाण्यात पडतात त्यांची, एकेकाची. उन्हं चढत होती, पण एकही माणूस हलला नाही.

"झिबल पचारे!"

उत्तर आलं नाही. मी वळून पाहिलं. बाबांचं तोंड उघडं होतं आणि आवाज निघत नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. अक्षता वाहणारा स्वतःचं नाव घेत नाही. सोमापासून आजपर्यंत आमच्या घरात वाहणारेच होते. या दिवसाआधी नदीपुढे त्यांचं नाव कोणी घेतलंच नव्हतं. आयुष्यभर साऱ्या गावासाठी पाण्यात उतरलेल्या या माणसाला, आपलं नाव आल्यावर काय करायचं ते माहीत नव्हतं.

मला राहवलं नाही. मीच ओरडले, "हाये!"

"तू काऊन बोलतं व पोरी?" सगुणाआत्या पाण्यातून कडाडल्या. "मेल्यासाठी दुसऱ्यानं बोलावं. तुहा बाप जित्ता हाये ना? त्याले बोलू दे." चिमटी त्यांनी तशीच धरून ठेवली होती. मग पुन्हा, आधीपेक्षा सावकाश, त्यांनी हाक मारली.

"झिबल पचारे."

बाबा दोन पावलं पुढे आले, चपला काढून पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, "हाये."

सगुणाआत्यांनी चिमटी सोडली.